फुफाट्यातली ओली पावलं

शंभू कोळपेच्या पायांना थारा नव्हता. बारावी झाल्यावर दोन वर्षांत त्यानं पाच ठिकाणी काम धरलं आणि पाचही ठिकाणचं सोडलं. कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात तो खोकी बांधायला होता. तिथं चौथ्या महिन्यात एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो गेटाबाहेर पडला आणि हमरस्त्यानं जो चालत सुटला तो थेट शिक्रापूरपर्यंत. तिथं आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की डबा कारखान्यातच राहिला. काय झालं, कुणी काही बोललं का, असं घरी सगळ्यांनी विचारलं. कुणी काही बोललं नव्हतं. पाय उचलले, एवढंच.

घरी बसला तर जेवतानाही त्याची मांडी हलायची. "आरं, मशीन लावल्यागत काय चाललंय तुझं?" म्हणून त्याची आई, गिताबाई, त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरायची. हात काढला की गुडघा पुन्हा सुरू.

नव्व्याण्णवचा उन्हाळा होता. मांडवगण फराट्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात टीव्हीवर कारगिलची लढाई दाखवत होते. पाठीवर बोजे घेतलेले जवान बर्फातून रांगेनं वर चढत होते. हॉटेलातली माणसं तोफांबद्दल बोलत होती. शंभू मात्र त्या जवानांच्या बुटांकडं बघत होता. ह्या माणसांना कुठं जायचं ते ठाऊक आहे, असं त्याला वाटलं. समोरचा चहा तसाच ठेवून तो उठला, आणि घरी पोचेपर्यंत त्याचं ठरलंही होतं.

"मी मिलिट्रीत जाणार हाय," त्यानं जेवताना सांगितलं.

त्याचा बाप हौसराव अर्ध्या भाकरीवर थांबला. शंभूच्या आज्यापर्यंत कोळप्यांची मेंढरं होती. हौसरावानं ती विकून भीमेच्या काठाला सहा एकर ऊस उभा केला होता. तो मुळात कमी बोलणारा माणूस. त्यानं ताटातच हात धुतला आणि म्हणाला, "न्हाई."

"का पण, आप्पा?"

"न्हाई म्हनलं ना."

एवढंच बोलून तो गोठ्याकडं गेला. भिंतीला टेकून बसलेली शंभूची आत्या साखरबाई मात्र हसली. पंचेचाळिशीला आलेली ही बाई लवकर विधवा होऊन माहेरीच राहिलेली. "जाऊ दे की त्याला," ती म्हणाली. "घरातला एक गेलायच की. त्यो तिकडं ह्याला बघंल."

घरातला एक म्हणजे ज्योतिबा, तिचा आणि हौसरावाचा थोरला भाऊ. एकाहत्तर साली, एकोणिसाव्या वर्षी, तो नदी ओलांडून दौंडला भरतीला गेला आणि परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. काही म्हणायचे लढाईत गेला असेल, काही म्हणायचे परमुलखात संसार थाटून बसला असेल. साखरबाईला दुसरं खरं वाटायचं. शंभूला ह्या चुलत्याचं फारसं काही ठाऊक नव्हतं, कारण बाप त्याचं नाव काढू देत नसे.

बापाच्या 'न्हाई'ला न जुमानता शंभूनं दिवाळीनंतर पळायला सुरुवात केली. वस्तीपासून नदीच्या कडेकडेनं एक गाडीरस्ता पाणी उपसायच्या मोटारघरापर्यंत जायचा. मधे एक बोडका लिंब होता. वस्तीपासून लिंबापर्यंत जाऊन परत आलं की सोळाशे मीटर भरायचं. भरतीला ते पाच मिनिटं चाळीस सेकंदांच्या आत यावं लागतं. शंभूला साडेसहा लागत होती.

पहिल्या आठवड्यात त्यानं ती पावलं पाहिली.

रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा होता, पिठासारखा मऊ. दिवस नुकताच वर येत होता. त्या फुफाट्यात पुढं पुढं गेलेली अनवाणी पावलं होती आणि ती ओली होती. प्रत्येक पावलाच्या जागी माती काळी पडून बसली होती. अंतर बघता माणूस पळत गेला होता, लांब ढांगा टाकत. कुणीतरी नदीत बुडी मारून पळायला येतं, एवढंच शंभूच्या मनात आलं. कार्तिकातल्या थंडीत कसला हा नाद, म्हणून त्याला थोडं हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी पावलं होतीच. तिसऱ्या दिवशीही. शंभू सहाला आला तरी ती आधी उमटलेली असायची, आणि पावणेसहाला आला तरी. कोण आहे ते काही दिसत नव्हतं. मग त्यानं त्यांचा उपयोग करायचं ठरवलं. त्या पावलांत आपली पावलं टाकत तो पळू लागला. सुरुवातीला ढांग पुरत नव्हती. आठवड्यात पुरायला लागली. पंधरवड्यात तो सहा मिनिटांवर आला. एक गोष्ट त्याला जाणवली होती. त्या माणसाचा डावा पाय बाहेरच्या अंगाला फेंगडा पडायचा, आणि आता त्याचाही पडायला लागला होता.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो लिंबाला हात लावून वळला आणि जागच्या जागी थांबला. आत्ताच तो ज्या रस्त्यानं आला होता, त्यावर त्याच्या बुटांचे ठसे होते. त्या ठशांवर, अगदी बरोबर मधोमध, ओली पावलं उमटली होती. लिंबाच्या दिशेनं आलेली. शेवटचं पाऊल त्याच्यापासून दीड हातावर होतं. बोटांच्या टोकांना पाणी अजून चमकत होतं, मातीत जिरलेलं नव्हतं.

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाचं एक पान हलत नव्हतं.

शंभू पळत घरी आला. घड्याळ बघायचं त्याला सुचलं नाही, पण हातातल्या घड्याळाचं बटण सवयीनं दाबलं गेलं होतं. पाच मिनिटं बावन्न.

त्याच सुमारास गेणबा टकले त्यांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायला आला. फिरस्ता धनगर, सत्तरीचा, हौसरावाच्या लांबच्या नात्यातला. सकाळी त्याचा कळप रस्ता ओलांडत असताना शंभू पळत आला. मेंढरं दोन्हीकडं फुटली आणि त्याला वाट मिळाली. तो पुढं जाऊन थांबला तर गेणबा काठी टेकून कळपाकडं बघत उभा होता.

"येकटाच पळतुयास व्हय रं?"

"व्हय. का हो आबा?"

"न्हाई, मेंढरं दोन बारीला फुटली," गेणबा म्हणाला. "तू यायच्या आदी येकदा फुटली. वाट झाली, मिटली. मग तू आलास, तवा परत फुटली." त्यानं घसा साफ केला. "जनावराला उगं मानूस दिसत न्हाई, बाबा."

दुसऱ्या दिवशी त्यानं हौसरावाचा निरोपही न घेता कळप हलवला.

शंभूनं ही गोष्ट आत्याला सांगितली, आईला नाही. साखरबाई जोंधळे निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, "डावा पाय भाईर पडतोय का?"

शंभू तिच्यासमोर खाली बसला. "तुला कसं कळलं?"

तिनं सूप खाली ठेवलं. तिच्या तोंडावर भीतीचा लवलेश नव्हता. उलट ती न्हाऊन माखून बसल्यासारखी उजळली. "आलाय दादा," ती हळूच म्हणाली. "लाजत आसंल तोंड दावायला. येवढी वरसं येक पत्र न्हाई धाडलं, कोनच्या तोंडानं यील? तू त्याला वरडू नगं. हाक बी मारू नगं. यील दमानं."

त्या दिवसापासून ती रोज पहाटे फडक्यात भाकरी बांधून लिंबाच्या बुडाशी ठेवू लागली. सकाळी शंभू तिथं पोचायचा तेव्हा भाकरी जागेवरच असायची. फक्त भिजून लगदा झालेली, फडक्यातून पाणी ठिबकत असलेलं. ते फडकं पिळून ती दोरीवर वाळत घालायची आणि दुसऱ्या दिवसाची तयारी करायची.

हे फार दिवस लपणारं नव्हतं. एका सकाळी हौसराव तिच्या मागोमाग रस्त्यावर आला. पावलं दिसल्यावर तो उकिडवा बसला आणि एका पावलावर त्यानं तळहात ठेवला. बराच वेळ तसाच. मग उठला आणि लिंबापासून वस्तीपर्यंत एकेक पाऊल टाचेनं घासून पुसत आला. शंभू दारात उभा होता.

"उद्यापासनं त्या रस्त्यानं पळायचं न्हाई," बाप म्हणाला. "पळायचंच आसंल तर गावात पळ. डांबरीवर पळ."

"भरती पंधरा दिसांवर आलीया आप्पा. दौंडला हाय, मैदानावर. मी जाणार."

"तुला जायचंय का त्याला जायचंय?"

रात्री अंथरुणात पाय हलायला लागले की हाच प्रश्न शंभूच्याही मनात यायचा.

भरतीच्या दिवशी धुकं पडलं होतं. नदीकाठचं धुकं, हाताच्या अंतरावरचा ऊस दिसू नये असं. मैदानावर आठला हजर व्हायचं होतं. शंभू सहाला पिशवी घेऊन निघाला. त्यात कागदपत्रं आणि भाकरी. बंधाऱ्यावरून चालत नदी ओलांडायची, पलीकडं राहूचा त्याचा दोस्त संपत, तोही भरतीलाच निघालेला, मोटारसायकल घेऊन थांबणार होता. तिकडून दौंड. बापानं आदल्या दिवशी ह्यावर हूं की चूं केलं नव्हतं. पण शंभू वस्तीबाहेर पडला तेव्हा मागं चपला वाजल्या. हौसराव कांबळं पांघरून येत होता.

"बंधाऱ्यापतोर येतो," तो म्हणाला.

दोघं चालले. पावलं पुढं होतीच. आज ती पळत नव्हती, लग्नघरच्या माणसासारखी घाईघाईनं चालत होती. लिंबाच्या पुढं रस्ता डावीकडं बंधाऱ्याला वळतो. पावलं वळली नाहीत. ती सरळ खाली नदीकडं गेली. बंधारा व्हायच्या आधी माणसं जिथून नदी पायी ओलांडायची तो जुना उतार तिथं होता. बंधाऱ्यात पाणी अडवल्यापासून तिथं चार पुरुष खोल डोह झाला होता.

आपण वळलो असंच शंभूला नंतरही वाटत राहिलं. बंधाऱ्याचे दगडी खांब डोळ्यांपुढं दिसत होते, पायांखाली काँक्रीट लागत होतं. त्याला एवढंच कळलं, की काँक्रीट फार गार आहे. मग मानेला जोराचा हिसका बसला आणि धुकं फाटलं. तो मांडीभर पाण्यात उभा होता. बापानं मागून त्याची कॉलर धरली होती. समोर भीमा काळी, संथ, आणि एक पाऊल पुढं तळ नव्हता.

हौसराव त्याच्याकडं बघतच नव्हता. तो पाण्याकडं बघत होता आणि ओरडत होता. एवढ्या मोठ्यानं बोलताना शंभूनं बापाला जन्मात ऐकलं नव्हतं.

"दादा! हितनं नगं! पानी खोल हाय! ऐकतुयास का, दादा? पानी खोल हाय! मी खोटं बोललो व्हतो!"

धुक्यात त्याचा आवाज पलीकडच्या काठावर आपटून परत आला. मग नदी अशी शांत झाली की शंभूला स्वतःच्या कपड्यांतून गळणारं पाणी ऐकू आलं.

बापानं त्याला ओढून वर आणलं आणि काठावर बसून सांगितलं. तुटक तुटक, एकेक वाक्य ओकल्यासारखं. तेव्हा तो बारा वर्षांचा. थोरला गेला की मेंढरं एकट्यानं राखायची, ह्याची त्याला धास्ती. आदल्या दिवशी तो मेंढरं घेऊन उतारातून आलेला, म्हणून ज्योतिबानं त्याला विचारलं, पाणी किती आहे. रात्रीत नदी चढली होती. खुणेचा दगड बुडालेला हौसरावानं पाहिला होता. तरी तो म्हणाला, मांडीपतोर.

"मला वाटलं छातीला पानी लागंल, भ्याईल, माघारी फिरंल. भरती हुकंल." हौसराव कांबळ्याचं टोक पिळत होता. "त्यो फिरला न्हाई. मधी जाऊन माझ्याकडं बघून हसला. कापडाचं गठुळं वर धरलं. मग नुसतं गठुळंच दिसलं पान्यावर. मी घरी पळालो आन् सांगितलं, दादा पलीकडं गेला."

"आन् आत्याला?"

"सगळ्यांस्नी त्येच."

धुकं जरा वर उचललं होतं. दोघांच्या मधून, पाण्याच्या कडेपासून निघून, ओली पावलं वर आली होती. बापलेकांपासून वीतभर अंतरावरून ती गाडीरस्त्याला लागली आणि वळली. बंधाऱ्याच्या दिशेनं.

"जा," हौसराव म्हणाला. त्याची दातखीळ बसायला आली होती. "जा, त्याच्या संगं जा. टायम हुईल."

बंधाऱ्यावर शंभू ओल्या कपड्यांनी चालला. पुढं काँक्रीटवर एकामागून एक पावलं काळी होत होती. आता ती उमटताना दिसत होती. आधी टाच, मग बोटं. त्याला पळून जावंसं वाटलं, पण एकच वाट होती आणि तिच्यावर पुढं कुणीतरी होतं. मधोमध पावलं क्षणभर थांबली. शंभूही थांबला. मग ती पुन्हा निघाली, पलीकडं पोचली, आणि मोटारसायकलजवळ बिडी ओढत उभ्या असलेल्या संपतला एकदम शहारा आला.

"आरं, भिजलास कशानं?" तो म्हणाला. "आन् आसा तोंड वासून काय बघतुयास? बस मागं."

मैदानावर दीड-दोन हजार पोरं जमली होती. शंभरच्या तुकड्या सोडत होते. शंभूच्या छातीवर नंबराचा कागद लावला, तो ओल्या बनियनला चिकटून बसला. शिट्टी झाली. पहिल्या फेरीत तो गर्दीत सापडला. दुसऱ्या फेरीला त्याला चुन्याच्या रेघेलगत ती पावलं दिसली आणि मग काही कळलं नाही. पाय आपोआप त्या पावलांत पडत गेले. दम लागला नाही. छातीत काहीच हललं नाही, जणू त्याच्या वतीनं दुसरंच कुणी श्वास घेत होतं. वेळ संपली की दोर आडवा ओढणाऱ्या जवानांच्या समोरून तो गेला तेव्हा पाच मिनिटं बारा सेकंद झाले होते.

रेघेच्या पलीकडं पावलं नव्हती. रेघेवर एक शेवटचं पाऊल होतं आणि ते शंभूच्या देखत वाळलं.

त्याच क्षणी त्याचा दम फुटला. तो गुडघ्यांवर कोसळून ओकला. संपत सहाव्या नंबरानं आला, धापा टाकत म्हणाला, "मी तुझ्या मागंच व्हतो. मधीच रेघ ओली कशानं झाली रं? घसरून पडलो असतो."

उरलेल्या चाचण्या, उंची, छाती, सगळं पार पडलं. शंभू बंधारा ओलांडून परत उतारापाशी आला तेव्हा ऊन उतरत होतं. बाप सकाळी जिथं बसला होता तिथंच बसलेला. पाणी प्यायलाही उठला नसावा. त्यानं मान वर केली.

"पोचला का?" त्यानं विचारलं.

"पोचला," शंभू म्हणाला.

हौसरावानं कांबळं तोंडावर ओढून घेतलं. बऱ्याच वेळानं तो उठला, घरी गेला आणि थेट साखरबाईपुढं बसला. दार लोटलेलं होतं, पण शंभूला आत्याचा आवाज ऐकू आला. ती रडत नव्हती.

"आठ्ठावीस वरसं पोस्टमनची सायकल वाजली की मी दारात जायाची, हौशा. तू हितंच बसलेला असायचास. बघायचास."

दुसऱ्या दिवशी तिनं नदीवर जाऊन पाण्यात नैवेद्य सोडला. भावाशी ती नंतरही बोलायची, पण कामापुरतं.

रस्त्यावर पावलं पुन्हा दिसली नाहीत. शंभूला झोप लागू लागली. जेवताना त्याचा गुडघा हलत नव्हता. गिताबाईला हे दोन दिवसांनी कळलं, तेव्हा ती हातातला घास तसाच धरून त्याच्या पायाकडं बघत राहिली. तो बापाबरोबर वावरात जायचा, बांधावर तासभर बसायचा, आणि कुठंही जावंसं वाटायचं नाही. दोन वर्षं आपल्या अंगात जी तगमग होती ती आपली होती का, हे आता कुणाला विचारायचं ते त्याला कळेना.

फेब्रुवारीत कॉल लेटर आलं. तीन दिवस ते फळीवर पडून राहिलं.

"आता जायाची गरज न्हाई," हौसराव म्हणाला. "ज्याचं त्याला मिळालं."

शंभूनं त्या तीन दिवसांत पुष्कळ विचार केला. पहिल्यांदाच शांतपणे, एका जागी बसून केला. थांबला तर ऊस होता, घर होतं. चौथ्या सकाळी तो रस्त्यावर एकटा पळाला. पुढं कोरडा फुफाटा, पाय टाकायला कुणाचं पाऊल नाही. सहा मिनिटं तीस लागली. छाती फुटायला आली, पायात गोळे आले, परत वस्तीच्या तोंडाशी त्याला बसावं लागलं. तिथं बसल्या बसल्या त्याला उमगलं, की उद्याही यायचंय. कुणी ओढत नाही, तरी यायचंय. घरी येऊन त्यानं फळीवरचं पत्र काढलं आणि पेटी भरायला घेतली.

दौंड स्टेशनावर त्याला पोचवायला बाप एकटा आला. प्रशिक्षण केंद्र दूर, मध्य प्रदेशात. गाडी लागली, पेटी आत गेली. शंभू खिडकीशी बसला. त्याचे तळहात घामानं भिजले होते आणि ते तो पँटीला पुसत होता.

"भ्या वाटतंय का?" हौसरावानं खिडकीच्या गजाला धरून विचारलं.

"व्हय, आप्पा. लय."

हौसरावानं त्याच्याकडं नीट पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून, जणू तिथं दुसरं कुणी नाही ना ह्याची खात्री करत.

"मंग बरं हाय," तो म्हणाला. "त्याला वाटत नव्हतं."

गाडी हलली.